जाळ्याखालची टरफलं

सिंकखालच्या कपाटात कोळी निघाला, आणि तोही कुणाच्या घरात, तर औषधवाल्यांच्या.

गुरुवारची सकाळ होती. नळाचा खालचा पाइप गळतोय असं बायकोनं सांगितलं म्हणून ते गुडघे टेकून बसले आणि बॅटरीचा झोत आत टाकला. पाइप गळत होताच. पण त्याच्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, केसासारख्या बारीक पायांचा एक कोळी उलटा लटकत होता. पोट चांगलं टम्म. शेजारी अंड्यांची पिशवीही बांधून ठेवलेली, म्हणजे स्वारीचा मुक्काम हलवायचा विचार दिसत नव्हता.

तुम्हीआम्ही असतो तर झाडू आणून विषय संपवला असता. औषधवाल्यांची गोष्ट वेगळी. बावीस वर्षं पाठीला पंप लावून त्यांनी लोकांच्या घरातली झुरळं, मुंग्या, ढेकूण आणि वाळवी मारली होती. आख्खा बाजार त्यांना औषधवाले म्हणूनच ओळखायचा. गिऱ्हाइकाच्या घरातून निघताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, पुन्हा एक जरी झुरळ दिसलं तर मला बोलवा, मी येऊन ते खातो. आजवर खायची वेळ आली नव्हती.

त्यांनी कोळ्याकडे बघायचं सोडलं आणि जाळ्याच्या खाली बघितलं. कोळी हवापाणी बघून राहत नाही, भक्ष्य बघून राहतो, आणि ते कुठलं हे त्याचं उष्टं सांगतं. खाली टरफलं पडली होती. मुंग्यांची डोकी, झुरळाच्या पिल्लांचे पाय, एका वाढलेल्या झुरळाची आख्खी पाठ. त्यांनी ती चिमटीनं वेचून तळहातावर घेतली आणि किती किड्यांची आहेत ते मोजलं. एकोणीस किडे निघाले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्वतःच्या घराला औषध मारत, आणि सुरुवात याच कपाटापासून करत. त्या औषधावरून चालत जाऊन एकोणीस किडे धडधाकट जाळ्यापर्यंत पोचले होते. हे शक्य नव्हतं. औषध पडलंच नसेल तरच शक्य होतं.

बायकोनं बाहेरून विचारलं, काय झालं. पाइपचा वॉशर गेलाय, असं त्यांनी सांगितलं आणि टरफलं खिशात टाकली. कोळी त्यांनी तसाच राहू दिला. पुरावा कुणी मारतं का?

आता औषधवाल्यांच्या नाकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या धंद्यात औषध पाण्यात किती घालायचं त्याचं माप असतं. रेघा मारलेला प्लॅस्टिकचा पेला डब्याबरोबरच मिळतो. औषधवाल्यांच्या मते तो पेला नवशिक्यांसाठी होता. ते पंपाचं झाकण उघडत, औषधाची धार सोडत, आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेत. वास हवा तसा आला की धार बंद. ठोक व्यापारी त्यांच्या हातात नवा डबा देताना जरा बिचकायचा, कारण भेसळ असली तर हा गृहस्थ दारातूनच ओळखायचा. त्या नाकाचा त्यांना इतका अभिमान, की पेला कॅनव्हासच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात केवळ दिसायला असे. गिऱ्हाईक विचारायचं, घरात लहान मूल आहे, जास्त तर होणार नाही ना? मग ते त्या कप्प्यावर थाप मारून म्हणायचे, सगळं मापात असतं. बायकोलाही त्यांनी तेच सांगून ठेवलं होतं. घरचं घरच्याघरी नाकानं, बाहेरचं मात्र पेल्यानं.

तर घरात माणसं तीन. ते स्वतः, बायको आणि सासूबाई. स्वतःला त्यांनी संशयातून आधीच वगळलं, हे सांगायला नकोच.

बायकोनं एकवीस वर्षांत त्यांच्या पंपाला हात लावला नव्हता. राहता राहिल्या सासूबाई. त्या आल्या त्याला सहा महिने झाले होते. अर्धांगाचा हलका झटका येऊन डावा पाय ओढायला लागला. मेव्हण्याचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून त्या लेकीकडे आल्या. आल्या त्या दिवसापासून घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. या घरात श्वास कोंडतो, असं त्यांनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं. औषधवाल्यांच्या ते जिव्हारी लागलं. लग्न ठरत होतं तेव्हा याच बाईंनी म्हटलं होतं, माझ्या मुलीला जगात दुसरा कुणी नाही मिळाला, किडे मारणारा मिळाला. माणूस एकवीस वर्षांत पुष्कळ विसरतो, पण असलं काही विसरत नाही.

मग त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. संशयाचं हे असंच असतं, तो एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. मागच्याच आठवड्यात ते ओट्याजवळ पेपर वाचत बसले होते आणि शेगडीवर दूध करपून कोळसा झालं. मायलेकी दुसऱ्या खोलीतून धावत आल्या. दुधाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि मग एकमेकींकडे. ती नजर त्यांनी टिपली. त्याआधी एकदा सासूबाईंनी हातरुमाल पुढे केला होता, बघा हो जावईबापू, अत्तर कसं आहे? त्यांनी हुंगून सांगितलं, छान आहे, गुलाबाचं ना? हो, म्हणून त्यांनी रुमालाची घडी घातली, आणि बायकोनं तोंड फिरवलं. हसत असणार. आणि ते खोलीत गेले की दोघींचं बोलणं नळ बंद केल्यासारखं थांबायचं. हे तर गेले कित्येक दिवस चाललं होतं.

म्हातारीला माझं औषध खोटं ठरवायचंय, त्यांनी मनाशी म्हटलं. स्वतःच्या घरात झुरळं फिरताना दाखवायची आणि मग नाक मुरडायचं.

तरी ते धंद्याचे पक्के होते. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. दुपारी घरी कुणी लक्ष देत नसताना ते बाल्कनीत गेले. तिथल्या लोखंडी कपाटात घरचा छोटा पंप असे. गेल्या महिन्यातलं थोडं औषध तळाशी शिल्लक होतं. झाकण उघडून त्यांनी नाक आत घातलं. वास आला. मंद, पण ओळखीचा, असं त्यांना वाटलं. आतल्या खोलीत सासूबाईंनी मात्र नाकाला पदर लावला आणि खुर्ची खिडकीकडे सरकवली. नाटकं, ते पुटपुटले.

त्यांनी काचेच्या दोन बरण्यांत कागद घातले. एका कागदावर घरच्या पंपातले चार थेंब, दुसऱ्यावर कामाच्या मोठ्या पंपातले चार थेंब. दोन्हींत अंगणातल्या दहा-दहा मुंग्या सोडल्या आणि घड्याळ लावून बसले. कामाच्या पंपातल्या मुंग्या अर्ध्या मिनिटात आडव्या झाल्या. पूर्वी याला पाच मिनिटं लागायची. आपला हात दिवसेंदिवस सुधारतोय, असं वाटून त्यांना जरा बरंही वाटलं. घरच्या पंपातल्या मुंग्या मात्र संध्याकाळपर्यंत बरणीत फिरत होत्या, आणि कागदावरच्या ओलाव्याला तोंड लावून काहीतरी चाखतही होत्या.

डबा एकच, औषध एकच. म्हणजे व्यापारी सुटला. घरच्या पंपात कुणीतरी भलतंच काही भरलं होतं, आणि तेही वास ठेवून. हे साधंसुधं डोकं नव्हे, त्यांनी ठरवलं, हे मुरलेलं डोकं आहे.

शुक्रवारी दोन फोन झाले. पहिला आला पाळणाघरवाल्या बाईंचा. महिन्यापूर्वी औषधवाल्यांनी त्यांच्याकडे काम केलं होतं. मुंगी औषधालाही दिसत नाही, त्याबद्दल बाईंनी आभार मानले. पण मुलांचे डोळे सारखे चुरचुरतात, शिंका येतात, दोघांना दुपारी उलट्या झाल्या. डोळ्यांना न दिसणारा काही बारीक किडा आला असेल का, परत एकदा औषध मारता का? औषधवाल्यांनी कप्प्यावर थाप मारावी तशा आवाजात सांगितलं, सोमवारी सकाळी मुलं यायच्या आत येतो, जरा कडक हात मारतो, काळजी करू नका. डायरीत त्यांनी सोमवारवर खूण केली.

दुसरा फोन त्यांनी मेव्हण्याला केला. आवाज शक्य तितका मऊ ठेवून सांगितलं, की आईंना इथली हवा मानवत नाही. घर लहान, माझा धंदा हा असा, त्यांना वासाचा त्रास होतो. रविवारी येऊन घेऊन जा.  चार मजले कसे चढवणार, एवढंच मेव्हणा म्हणाला. खुर्चीत बसवून चढवू, मी खांदा द्यायला येतो, असं औषधवाले म्हणाले आणि फोन ठेवला. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आधी चोर मुद्देमालासकट पकडायचा, मग बायकोला दाखवायचा, मग रविवार आहेच. असा सगळा बेत होता.

उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणून शनिवारी दुपारी चारला नेहमीप्रमाणे त्यांनी बाल्कनीत घरचा पंप भरला. धार सोडली, हुंगलं, आणखी सोडली, पुन्हा हुंगलं. वास हवा तसा यायला हल्ली वेळ लागायचा. व्यापारी औषध पातळ करायला लागलाय, अशी त्यांची खात्री होती. मग पंप कपाटात ठेवला आणि अंगाला लावायच्या पावडरीचा आख्खा डबा त्यांनी कपाटासमोरच्या फरशीवर चाळणीनं भुरभुरला. उंदराची वाट शोधायची ही त्यांची जुनी युक्ती. पांढऱ्या फरशीवर पांढरी पावडर, बघणाऱ्याला काही कळायचं नाही, पण बॅटरी तिरकी धरली की पावलं छापल्यासारखी दिसतात. सासूबाईंचं तर कामच सोपं. डावा पाय ओढतो, म्हणजे एक ठसा आणि शेजारी एक फराटा. वर काठीचा गोल ठिपका.

न्हाव्याकडे जाऊन येतो, असं सांगून ते बाहेर पडले. न्हाव्यानं दाढी केली, गालाला काहीतरी चोळलं, आणि नवीन आहे, वास कसा वाटतो म्हणून विचारलं. छान, ते म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

तासाभरानं परत आले ते थेट बाल्कनीत. बॅटरी तिरकी धरली. पावलं होती. दारापासून कपाटापर्यंत जाणारी आणि परत येणारी, दोनदा.

फराटा कुठं नव्हता. काठीचा ठिपका नव्हता. दोन्ही पावलं सरळ, सारख्या अंतरावर, अनवाणी. आणि प्रत्येक ठशात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब.

ते बोट त्यांच्या ओळखीचं होतं. पहिल्यांदा चप्पल घ्यायला दोघं गेली होती, तेव्हा कुठल्याच चपलेत ते मावेना म्हणून दुकानात किती हसली होती. औषधवाले बॅटरी हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. सासूबाईंवर रागवायची त्यांनी तयारी केली होती. ह्यासाठी काहीच तयारी नव्हती. 

बायको दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. तिनं फरशीवरच्या पावडरीकडे बघितलं, मग स्वतःच्या तळव्याकडे, आणि पाय पायपुसण्यावर घासला.

"माझ्यासाठी पसरलीत?" तिनं विचारलं.

"आईंसाठी," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

ती आत गेली. न्हाणीघरावरच्या माळ्यावरून तिनं एक पत्र्याची पेटी उतरवली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पेटीला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. आत पाण्याच्या पाच बाटल्या होत्या. झाकणांवर चिकटपट्टी, प्रत्येकीला कागद चिकटवलेला, त्यावर मोठ्या अक्षरांत विष, आणि खाली तारीख. बायको सांगत होती ते औषधवाले ऐकत होते. दर महिन्याला पंप भरून झाला की तुम्ही न्हाव्याकडे जाता. मी पंप यात रिकामा करते, धुते, साधं पाणी भरते आणि पांढरं दिसावं म्हणून वर दोन चमचे दूध घालते. हे मोरीत ओतायची भीती वाटली, म्हणून साठवून ठेवलंय.

मुंग्या काय चाखत होत्या ते आत्ता त्यांच्या लक्षात आलं.

पण त्यांची नजर बाटल्यांवर खिळली होती. तिनं त्या तारखेप्रमाणे फरशीवर ओळीनं मांडल्या होत्या. पंपाच्या टाकीत काळोख असतो, आत काय आहे ते दिसत नाही. बाटलीत दिसतं. बरोबर मापात घातलेलं औषध पाण्यात कसं दिसतं हे बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पलीकडचा हात दिसेल इतकं पातळ. पहिल्या बाटलीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. दुसरी तिच्याहून पांढरी. तिसरी आणखी. चौथी दाट दुधासारखी होती. आणि पाचवी, आजची, तास-दीड तासापूर्वी स्वतः हुंगून हुंगून केलेली, साईसारखी घट्ट होती.

"हे मी नाही केलेलं," ते म्हणाले.

बायकोनं आजच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. आतल्या खोलीत सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिनं मान बाजूला केली. औषधवाल्यांनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. आठवणीत वास होता, नाकात नव्हता. कोऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं वाटत होतं.

झाकण लावून ती खाली बसली. सहा महिन्यांपूर्वी त्यांना ती मोठी सर्दी झाली होती, तेव्हापासून हे असं आहे, ती म्हणाली. त्या महिन्यात त्यांनी औषध मारलं आणि ती दोन दिवस चक्कर येऊन पडून होती. खिडकीतल्या कुंडीची पानं करपली. औषध जास्त झालं का, असं तिनं विचारलंही होतं. ते त्यांना आठवत होतं. बावीस वर्षं झाली, तू मला शिकवू नकोस, असं म्हणून त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं होतं. मग सासूबाईंच्या डोक्यात आलं. त्यांनी कोरा रुमाल पुढे केला आणि जावयानं त्यात गुलाबाचा वास काढला. दूध करपलं तेव्हा खात्रीच झाली. परवा तर ते महिनाभर नासलेल्या दुधात नाक घालून बसले होते. सांगायचं कसं, हेच दोघी रोज बोलत होत्या आणि रोज उद्यावर ढकलत होत्या.

"नाकावर तुमचा जीव," बायको म्हणाली. "तेच गेलं म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? म्हटलं घरापुरतं सांभाळू. बाहेर काय, पेल्यानं घालताच ना तुम्ही."

औषधवाल्यांची नजर दाराकडे गेली आणि चटकन खाली वळली.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग उठली, दाराशी टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीकडे गेली आणि बाहेरच्या कप्प्यात हात घालून पेला काढला. तो हातात घेऊन ती उजेडात आली. पेल्याच्या तोंडावर जाळं होतं. जुनं, धुळीनं राखाडी झालेलं, मधे एक वाळलेली माशी. तिनं बोटानं ते काढलं नाही. पेला त्यांच्यासमोर पाचव्या बाटलीशेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

एवढा वेळ औषधवाले दुसऱ्यांवर नजर ठेवून होते. सहा महिन्यांत किती घरं केली याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि पाळणाघरापाशी येऊन थांबला. डोळे चुरचुरतात. दोघांना उलट्या झाल्या. जरा कडक हात मारतो. त्यांनी फरशीवर हात टेकला. हात पावडरीनं पांढरा झाला.

त्याच हातानं त्यांनी फोन लावला. पाळणाघरवाल्या बाईंना त्यांनी सरळ सांगितलं. किडा वगैरे काही नाही. माझ्या हातून औषध जास्त पडलंय, कितीतरी जास्त. आत्ताच्या आत्ता सगळ्या खिडक्या उघडा. ज्यांना त्रास झाला त्या मुलांच्या आईबापांना आजच कळवा, डॉक्टरांकडे न्या म्हणावं, औषधाचं नाव मी पाठवतो, ते दाखवा. सोमवारी एकही मूल घेऊ नका. बाई पलीकडून काय बोलल्या ते बायकोला ऐकू आलं नाही, पण औषधवाले दर वाक्याला, हो, माझीच चूक, एवढंच म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, उद्या रविवार आहे, मी येऊन आख्खी जागा साबणानं धुऊन देतो. भिंती, फरशा, पाळणे, सगळं.

"आणि धुतलं गेलं की नाही, ते तुम्हाला कसं कळणार?"

सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. नाकाला पदर होता. औषधवाल्यांना मान वर करवेना.

"तुम्हाला वास येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी येते. मला स्टुलावर बसवा, कुठं राहिलंय ते मी सांगते. उद्या माझा लेक मला न्यायला येणार आहे ना, त्याला दुपारनंतर यायला सांगा."

बायकोनं चमकून नवऱ्याकडे बघितलं. हे तिला नवीन होतं.

"त्यानं कालच मला विचारलं, आई, तुझ्याकडून काय चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाबा, मलाही ठाऊक नाही. ठाऊक झालं की सांगते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं औषधवाल्यांना वाटलं. आपण एका म्हाताऱ्या बाईला खुर्चीत घालून चार मजले चढवायला निघालो होतो, आणि ते कशाच्या बळावर, तर एका रुमालाच्या आणि उघड्या खिडक्यांच्या.  मेव्हण्याला त्यांनी तिथंच फोन केला, बायकोसमोर आणि सासूबाईंसमोर. चूक झाली, म्हणाले. आई कुठं जात नाहीत. का ते भेटल्यावर सांगतो, सगळं सांगतो.

रविवारी तिघंही पाळणाघरात गेली. बाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. किल्ल्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवून, हाताची घडी घालून त्या बाहेर अंगणात उभ्या राहिल्या. औषधवाल्यांना ते रास्तच वाटलं. नाकातोंडाला कपडा बांधून त्यांनी आणि बायकोनं बादल्या भरल्या. सासूबाई उघड्या दारात स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा धुऊन झालं तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा धुतल्यावर काठी उचलून उजव्या कोपऱ्याकडे दाखवली. तो कोपरा औषधवाल्यांनी पालथं पडून घासला. मग पाळण्यांच्या खालची फळी. मग खेळण्यांच्या कपाटामागची पट्टी. तिथं आपण मुद्दाम जास्त वेळ नळी धरली होती, हे त्यांना आठवत होतं, आणि म्हातारीनं ते दहा पावलांवरून ओळखलं होतं.

दुपार झाली. त्या काठी टेकत आत आल्या, खोलीच्या मधोमध थांबल्या आणि चारी बाजूंना तोंड फिरवून हुंगलं.

"नाही येत आता," त्या म्हणाल्या.

नक्की ना, असं विचारायला औषधवाल्यांचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. सासूबाईंचा हात धरून पायरी उतरवली, आणि त्या ओढणाऱ्या पायासाठी थांबत थांबत फाटकापर्यंत चालले.

फाटकाशी त्यांनी खिशातून डायरी काढली. गेल्या सहा महिन्यांतली घरं त्यांनी रात्री बसून उतरवली होती. चार पानं भरली होती. पहिल्या ओळीवर, पाळणाघरावर, त्यांनी रेघ मारली.

"पुढचं घर कुठं आहे?" सासूबाईंनी विचारलं.